मौनाचा लाडू

आनंदराव निकम ऊर्फ अण्णा यांना आपण हळू आवाजात बोलताना ऐकलंय, असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागला तर त्याला आधी बसायला द्या आणि गार पाणी पाजा. माणूस उन्हातून आलेला असणार. अण्णांचा सर्वांत हळू आवाज म्हणजे तुमच्या-आमच्या घरचा मिक्सर, तोही सुकं खोबरं वाटतानाचा. सर्वांत मोठा आवाज मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. निघालं तर ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात एकदा अण्णांसमोर ठेवावं आणि संध्याकाळी तिथेच भंगारात देऊन यावं.

कळंबोलीत अण्णांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि समोर दहाचाकी गाड्यांचा समुद्र. त्या समुद्राच्या पलीकडच्या काठावर चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरला बोलवायला बाकीचे लोक फोन लावायचे. अण्णा नुसते उभे राहायचे. "ए पप्पूऽऽ, गाडी काढ!" अशी त्यांनी एकदा हाक दिली, तेव्हा कळंबोलीतल्या पप्पूनं गाडी काढलीच, पण तुर्भ्यातल्या दोन अनोळखी पप्पूंनीही काढली, आणि त्यातला एक तर माल न भरताच पुण्याला जाऊन आला. हे मला खुद्द अण्णांनी सांगितलंय, त्यामुळे शंका घ्यायला जागा नाही. घेतली असती तरी ती ऐकू आली नसती.

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे. कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीत, बरोबर माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचे. त्यामुळे मला कधी गजर लावावा लागला नाही, आणि निकमांकडे आज भाजी कसली आहे हे विचारावंही लागलं नाही.

अशा माणसाला नाद लागावा तो कशाचा? जंगलाचा! जिथे पाचोळ्यावर पाय पडला तरी लोक वळून डोळे वटारतात, तिथे हा माणूस दर रविवारी जायचा आणि आठवडाभर त्या रविवारची वाट पाहायचा.

सुरुवात शेखसरांनी केली. शेखसर आमच्याच सोसायटीतले, मूळचे श्रीवर्धनकडचे, बँकेतून निवृत्त झालेले. रविवारी पहाटे पाच-सहा जणांना घेऊन कुठलं तरी अभयारण्य, खाडीकाठ, डोंगरातलं रान गाठायचं, हा त्यांचा शिरस्ता. शेखसर इतकं हळू बोलतात की निकाहच्या वेळी त्यांनी 'कबूल' म्हटलेलं काझींना ओठांवरून ओळखावं लागलं, असं त्यांच्या घरूनच सांगतात. डॉक्टरांनी अण्णांना सकाळी झाडांत फिरायला सांगितलं, शेखसर भिडस्तपणे "या की" म्हणून गेले, आणि पश्चिम किनारपट्टीवरच्या पाखरांचं शांत आयुष्य तिथे संपलं.

पहिल्याच रविवारी कर्नाळ्याला गेलो. पायवाटेवर शेखसर एकाएकी थांबले आणि कुजबुजले, "डावीकडे... बांबूवर... स्वर्गीय नर्तक."

मागच्या दोघांना ऐकू आलं नाही. त्यांनी खुणेनं विचारलं, काय? अण्णांचा स्वभाव परोपकारी. पुढचा निरोप त्यांनी मागे पोचवला.

"डावीकडंऽऽ! बांबूवरऽऽ! स्वर्गीय नर्तक हाय म्हनं!"

नर्तक स्वर्गात गेला. पण जाताना त्याची ती हातभर लांब, पांढरी, रिबिनीसारखी शेपूट सगळ्यांना दिसली, आणि अण्णा कळवळले. लोखंडाच्या सळया ट्रकच्या मागे बाहेर आल्या की टोकाला लाल फडकं बांधावं लागतं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा.

"आरं त्याचा माल मागनं बाहेर आलाय की! लाल फडकं बांधा कुनीतरी! मागचा येऊन घुसंल!"

त्या दिवशी कर्नाळ्यात आणखी एकही पक्षी दिसला नाही. माकडंसुद्धा सौजन्यानं निघून गेली.

पण एक मान्य करायला हवं, अण्णांमुळे आम्हाला पक्षी ओळखता यायला लागले. शेखसर चोच, पिसं, डोळ्याभोवतीचं कडं समजावून सांगायचे. आमच्या डोक्यात काही राहायचं नाही. अण्णांनी सगळ्या आभाळाची गाड्यांप्रमाणे वर्गवारी केली. बुलबुल म्हणजे छोटा टेम्पो, सोसायटीत कुठेही घुसणारा. टिटवी म्हणजे रिव्हर्सचा हॉर्न. घार म्हणजे इंजिन बंद करून उतारावर सोडलेली गाडी. बगळा म्हणजे टोलनाक्यावरचा माणूस. एका जागी उभा, नजर फक्त येणाऱ्यावर. आणि सुतारपक्षी खोडावर ठकठक करायला लागला की अण्णा प्रसन्न व्हायचे. "क्लीनर हाय त्यो. टायर ठोकून बघतोय, हवा हाय का." आज इतक्या वर्षांनीही सुतारपक्षी दिसला की मला आधी टायर आठवतो, मग झाड.

प्रकरण हाताबाहेर गेलं ते खाडीवर. हिवाळ्यात रोहित पक्षी आले होते. पाणी दिसू नये इतकी गुलाबी गर्दी. अण्णा काठावर उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "एवढं ट्रॅफिक, आन् एक हॉर्न न्हाई!" हे त्यांनी स्वतःशीच म्हटलं होतं. पण स्वतःशी म्हटलेलं अण्णांचं वाक्य ऐरोलीपर्यंत जातं. सगळा थवा एकदम उठला. आभाळ गुलाबी झालं. खाडीपलीकडच्या लोकांना वाटलं, सूर्य दुसऱ्यांदा उगवतोय. काहींनी दुसऱ्यांदा आंघोळ केली. शेखसरांच्या शेजारी एक पाहुणा कॅमेरा लावून तासभर दबा धरून बसला होता. तो नुसता रडला.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर ग्रुपची मीटिंग झाली. अण्णांना आता आणू नये, असं सगळ्यांचं मत पडलं, आणि ते अण्णांना सांगायचं कुणी, यावर मीटिंग अडली. तेवढ्यात शालनवहिनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, वाळवण काढायला वर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"त्यांना न्हेऊ नका म्हनताय व्हय?" वहिनी पाटावरचे पापड गोळा करत म्हणाल्या. "मग मी काय करू रविवारचं? आठवड्यातनं तेवढाच कानाला इसावा. थांबा, मी बघते काय करायचं ते."

पुढच्या रविवारी अण्णांच्या पिशवीत स्टीलचा डबा होता आणि डब्यात डिंकाचे लाडू. तसा लाडू मी आयुष्यात पाहिलेला नाही. जिन्यात एक पडला तर पायरीचा टवका उडाला. लाडूला ओरखडा नाही. तो एकदा तोंडात गेला की जबड्याला कुलूप. चावता येत नाही, गिळता येत नाही, बोलण्याचा तर प्रश्नच नाही. नुसतं चघळत बसायचं. ग्रुपचा नियम ठरला. शेखसरांनी हात वर केला की अण्णांनी लाडू तोंडात घालायचा. आम्ही त्याला मौनाचा लाडू म्हणायला लागलो. त्यानंतर मात्र आम्ही हळद्या पाहिला, नाचण पाहिला, घुबडाची पिल्लं पाहिली. आणि प्रत्येक वेळी आमच्यापेक्षा जास्त आनंद गालात लाडू धरून उभ्या असलेल्या अण्णांच्या डोळ्यांत पाहिला.

मी एकदा विचारलं, "अण्णा, एवढा छळ सोसून येता कशाला?"

"भावजी, यार्डात सगळं माझ्या हाकेवर चालतंय," अण्णा म्हणाले. "मी म्हनलं हल, की हलतंय. हितं एक पान बी माझं ऐकत न्हाई. लई बरं वाटतं."

मग आम्ही देवराईत गेलो.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तुम्ही सगळे तिथे डबे घेऊन हजर व्हाल. रोह्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत, एवढंच पुरे. गावाच्या वर सोमजाईचं लहानसं कौलारू देऊळ आणि देवळाभोवती पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लागलेलं रान. आत पाऊल टाकलं की उन्हाची वेळ बदलते. वेली अशा जाड की त्यांनी ट्रक ओढून न्यावा. पूजेला असणारे पांडूबाबा गुरव दारातच आम्हाला बजावून गेले, "हितला पान बी भायेर न्यायचा नाय. सुकला काटूक बी नाय. देवीचा हाय."

"म्हंजी इनवर्ड चालू, औटवर्ड बंद," अण्णांनी नियम स्वतःच्या भाषेत पक्का केला.

देवळासमोर एक बेहडा होता. चार माणसांनी हात धरले तरी वेढा पुरा होणार नाही असा. त्याच्या खोडात उंचावर एक ढोली, आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून बंद केलेलं. फक्त बोटभर फट. शेखसरांनी हात वर केला. अण्णांनी लाडू आत टाकला.

आधी आवाज आला. घाटात भरली गाडी चढावी तसा, फस्स, फस्स, फस्स. मग झाडांच्या शेंड्यांवरून तो आला. मोठा धनेश. काळ्या-पांढऱ्या पंखांचा, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण असलेला, कोळशाच्या पोत्याएवढा पक्षी. बेहड्यावर उतरला, खोडाला बिलगला आणि गळ्यातून एक-एक उंबर काढून त्या फटीतून आत द्यायला लागला. आतून एक चोच यायची, उंबर घ्यायची, नाहीशी व्हायची. शेखसरांनी कुजबुजत सांगितलं: मादी स्वतःला आत कोंडून घेते, अंडी उबवते, पिल्लू मोठं होईपर्यंत बाहेर पडत नाही. तोवर नर आणून देईल तेवढंच खाणं. तो आला नाही तर आतली दोघंही गेली.

परत येताना तुर्भे येईपर्यंत अण्णांना लाडू पुरला. तो संपल्याबरोबर ते म्हणाले, "ह्यो माझ्या धंद्यातला मानूस हाय."

"कोण?"

"त्यो धनेश. पावती न्हाई, सुट्टी न्हाई, दार बंद, तरी माल वेळेवर. मी तरी दुसरं काय करतोय?"

खरंच, अण्णांची हीच एक घमेंड होती. दरड कोसळो, संप होवो, अण्णांनी घेतलेला माल त्या दिवशी त्या दारात पोचायचा. उशीर हा शब्द त्यांच्या ऑफिसात कुणी शिवीसारखासुद्धा वापरत नसे.

त्या रात्री मोजे काढताना त्यांना मोज्याला चिकटलेली कुसळं सापडली. देवराईतली! औटवर्ड झालं होतं. सकाळी अण्णांनी रीतसर पुडी बांधली, बिल्टी म्हणजे मालासोबतचा कागद केला. माल: कुसळं. पाठवणार: आनंदराव निकम, कळंबोली. घेणार: सोमजाईदेवी. आणि रोह्याकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीनं ती पोचती केली. पांडूबाबांनी ती पुडी देवीसमोर सोडली आणि गावभर दाखवत फिरले म्हणे. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

महिनाभरानं एका संध्याकाळी शालनवहिनी घाबऱ्याघुबऱ्या आमच्याकडे आल्या. "भावजी, जरा वर येता का? हे दुपारपासनं बोलंनात."

"घसा बसलाय?"

"घसा चांगला हाय. नुसतं बसल्यात. डॉक्टरला फोन लावू का?"

वर गेलो तर अण्णा खिडकीपाशी. टीव्ही बंद. मला बघून म्हणाले, आणि तेही तुमच्या-माझ्यासारख्या आवाजात, "लोखंडाचा माल आलाय. सभामंडपाचा. रविवारी पोचवायचाय. सोमजाईच्या दारात."

दुपारीच त्यांनी देवराईच्या गावात फोन करून गाडी उतरायची जागा विचारली होती. गावाच्या देवस्थान कमिटीनं देवळापुढे मंडप घालायचं ठरवलं होतं, आणि मंडपाचा पहिला खांब येत होता नेमका बेहड्याच्या जागी. सळया उतरल्या की दुसऱ्या दिवशी बेहडा आडवा. आत मादी, पिल्लू, आणि बाहेर उंबर घेऊन येणारा तो.

"नाही म्हणून सांगा," मी म्हटलं. "दुसरा कुणी नेईल."

"दुसरा न्हेईलच की. मग माझ्या न्हाई म्हनन्याला काय किंमत? आन् घेतलेला माल मी कधी माघारी दिलाय?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मग पोचवा. पन मालासंगं तुमी बी जावा. मी येते. भावजी, शेखभावजींना सांगा, गाडीत जागा हाय."

रविवारी आम्ही सळयांच्या गाडीमागून गेलो. अण्णांनी माल ठरल्या वेळी देवराईच्या कडेला आणून उभा केला. कमिटीचे भोईरशेठ पागोट्याखाली हसत सामोरे आले. माणूस वाईट नव्हता. गावातल्या पोरांची लग्नं उन्हात लागतात, याचं त्याला खरंच वाईट वाटायचं.

अण्णांनी गाडीवरून उतरता उतरता विचारलं, "झाडाचा कौल घेतला का?"

नेहमीच्या आवाजात विचारलं, त्यामुळे अख्खं गाव गोळा झालं.

तिथली रीत अशी, की देवराईतलं काहीही करायचं तर आधी देवीला विचारायचं. पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला फुलाची एक-एक ओली पाकळी चिकटवायची आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"मंडपाचा घेतला ना!" भोईरशेठ म्हणाले. "उजवा दिलाय देवीनी. मंडपात झाड आलाच की!"

पांडूबाबांनी डोकं खाजवलं. "मंडपाचा इचारला. झाडाचा नाय इचारला. पान न्यायचा तं इचारतो, मंग झाड तोडायचा तं नको?"

गाव कुजबुजलं. ज्यानं मोज्यातली कुसळं परत धाडली त्या माणसानं विचारलंय, हेही कुणीतरी बोललं. भोईरशेठचा नाइलाज झाला. "घ्या घ्या. पन हे पावने गप बसतील तं ना! कौलाला टाचनी पडली तरी चालत नाय."

"त्याची काळजी नको," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डबा उघडला आणि सगळ्यांदेखत अण्णांच्या तोंडात लाडू घातला. आम्ही निश्चिंत झालो. खरं सांगायचं तर मी जरा खट्टूच झालो. एवढ्या लांब आलेला माणूस, आणि बाजू मांडायच्या वेळीच त्याला कुलूप.

पांडूबाबांनी चाफ्याच्या पाकळ्या लावल्या. "आई, ह्यो झाड तोडायचा तं उजवा दे, ठेवायचा तं डावा दे." सगळं गाव स्तब्ध. लहान पोरांच्या तोंडावर आयांचे हात. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी किंचित सरकली. भोईरशेठचे डोळे चमकले. शेखसरांनी डोळे मिटले. पाकळी आणखी सरकली, अगदी कडेला आली.

आणि वरून आवाज आला. फस्स, फस्स, फस्स. भरली गाडी घाट चढतेय.

"आली रं आलीऽऽ! गाडी आलीऽऽऽ!"

त्या हाकेचं वर्णन मी करणार नाही. तुम्ही मला थापाड्या म्हणाल. देवळाची घंटा आपोआप वाजली, मंडपासाठी आणलेल्या विटांची रास ढासळली, माझ्या चष्म्याची एक काच अजून सैल आहे, एवढंच सांगतो. आणि डावी पाकळी टप्पकन पांडूबाबांच्या ओंजळीत पडली. उजवी? उजवी जी घट्ट बसली ती संध्याकाळपर्यंत हलली नाही.

भोईरशेठ उसळले. "ह्यो कौल नाय! ह्यो त्याच्या आवाजानी पडला! परत लावा!"

पांडूबाबांनी पाकळी कपाळाला लावली. "एका गोष्टीला एकदाच इचारायचा. आनि शेठ, देवीनी कुनाच्या तोंडून बोलायचा ता देवी ठरवील. तू कोन?"

वर धनेश शांतपणे उंबरं पोचवत होता. एवढा गोंधळ होऊनही तो पळाला नव्हता. धंद्यातला माणूस.

मंडप देवळाच्या मागच्या मोकळ्या माळावर गेला. सळया तिकडे हलवायला अण्णांनी स्वतः मागे उभं राहून ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला लावली, एका हातानं खुणा करत, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" भोईरशेठ तासभर रुसले, मग त्यांनीच सगळ्यांना जेवायला थांबवून घेतलं.

परतताना मी हळूच विचारलं, "वहिनी, आजचा लाडू इतक्यात संपला कसा?"

"आज बेसनाचा दिलता," वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "डिंक संपलाय घरातला."

त्याच सकाळी मी त्यांच्या ओट्यावर डिंकाची बरणी गळ्यापर्यंत भरलेली पाहिली होती. पण बाईमाणसाला खोटं कसं पाडायचं?

पुढे अण्णांनी धंदा लेकीच्या हातात दिला आणि दोघं साताऱ्याकडे गावी राहायला गेले. आता रविवारी आम्हाला गजर लावावा लागतो. जाण्याआधी, वैशाखात, अण्णा आमच्याबरोबर शेवटचे आले ते देवराईतच. डोळ्यांपुढे येतात ते तसेच. बेहड्याखाली मान वर करून उभे, तोंडात काही नाही, आणि तरी गप्प. ढोलीवरचा चिखल आतून फुटत होता. धनेश शेजारच्या फांदीवर बसून बघत होता. एक ढलपी पडली, मग दुसरी, मग चोच, मग मान, आणि इतके दिवस कोंडलेली ती मोठी, मळकी, चुरगळल्या पंखांची मादी उजेडात आली.

"आली! बाहेर आली!" कुणीतरी ओरडलं.

शेखसर ओरडले होते! साठीपार आयुष्यात पहिल्यांदा. अण्णांनी वळूनही पाहिलं नाही. डाव्या हातानं खिशातून डिंकाचा लाडू काढला आणि शेखसरांच्या तोंडात कोंबला. उजवा हात छातीपाशी होता, आणि त्याची बोटं झाडाच्या दिशेनं, अगदी सावकाश हलत होती: येऊ दे, येऊ दे, येऊ दे.